गोड्या पाण्याची कळशी

माझी नात पुण्याला नोकरी करते. गेल्या महिन्यात तिने मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. तिने खिडकीत एक ऑर्किड ठेवलं आहे, विकतचं, प्लास्टिकच्या पारदर्शक कुंडीतलं. "आजोबा, याच्या पानांची टोकं काळी पडतायत. नर्सरीवाला म्हणतो ऊन जास्त होतंय, मैत्रीण म्हणते पाणी जास्त होतंय. नेमकं काय करू?" मी फोटो मोठा करून पाहिला. टोकाला कोरडा तपकिरी डाग, त्याच्या मागे पिवळी कड, आणि बाकी पान हिरवंगार. "पाणी कुठलं घालतेस?" मी विचारलं. "बोअरचं, सोसायटीचं." म्हटलं, "ते बंद कर. पावसाचं नाहीतर प्यायचं पाणी घाल, आणि मुळं त्याच पाण्यात चार दिवस धुवून काढ." ती हसली. "तुम्हाला एका फोटोवरून कसं कळलं?" मी म्हटलं, जुना अनुभव आहे.  ज्याला मी अनुभव म्हणालो, त्याला खरं नाव निराळं आहे. ते आता लिहून ठेवतो, कारण ज्या दोघातिघांना ते माहीत असायला हवं होतं ती सगळी गेली, आणि मी अजून आहे.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराचाच पुढचा भाग. ओटीवर आणि लगतच्या लांब पडवीत फळ्यांवर मूर्ती वाळत असायच्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे परसू. शाडूच्या ओल्या मातीचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, भाकरीलासुद्धा असे. दिवसभर माती तिंबल्याचा थपथप आवाज, साच्यातून मूर्ती सुटताना होणारा बारीक सुस्कारा, आणि अधूनमधून अण्णांचं खाकरणं. अण्णा म्हणजे वडील. ते बोलायचे कमी, खाकरायचे जास्त, आणि कारागिरांना त्या खाकरण्याचे अर्थ पाठ होते. चैत्र-वैशाखात आई आणि शेजारणी परसवात पापड लाटायला बसत. दुपारच्या जेवणात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी असे. अजूनही वाल भिजत घातले की मला त्या पडवीतला रंगांचा वास येतो. दोन्हींचा काही संबंध नाही, पण येतो.

मूर्तीचं शेवटचं काम म्हणजे डोळ्यांची आखणी. तोवर मूर्ती म्हणजे रंगवलेली माती. डोळे आखले की कारागीर तिच्याकडे पाठ करून बसत नाहीत. आमच्याकडे आखणी फक्त अण्णा करत. पण मी सांगतोय त्या वर्षी त्यांच्या हाताला कंप सुटू लागला होता, आणि दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, हात साच्याचा होता. त्याला रेघ येत नसे. माझी रेघ बरी होती, पण माझं लक्ष कुठे ठिकाणावर होतं? मी मॅट्रिकची परीक्षा देऊन बसलो होतो आणि दिवसातला निम्मा वेळ महादूच्या सलूनमध्ये कॅरम खेळत होतो.

रेघ होती ती इंदूवहिनींच्या हातात. दादाचं लग्न होऊन त्या घरात आल्याला दोन वर्षं झाली असतील. माहेर रोह्याचं. अंगाने किरकोळ, बोलायला मोकळ्या, आणि मान जरा तिरकी करून बघायची सवय. एकदा वाळत टाकलेल्या फुटक्या मूर्तीवर त्यांनी कोळशाने सहज डोळे काढले आणि अण्णांनी ते पाहिले. ते खाकरलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी एक बारीक ब्रश आणि दहा लहान मूर्ती वहिनींपुढे ठेवल्या. अण्णांचे डोळे मोठे आणि रोखून बघणारे असत. वहिनी वरची पापणी आतल्या कोपऱ्यापासून सुरू करत, मध्यावर हात किंचित हलका करत आणि बाहेर नेताना रेघ खाली सोडून देत. त्यामुळे देवाने नुकतंच आपलं बोलणं ऐकून घेतल्यासारखं वाटे. आमचा जुना कारागीर धोंडू म्हणायचा, "वैनी, आमच्या मंडळीला पन असे शांत डोळे काढून द्या की. लय उपकार होतील." वहिनी ब्रश न उचलता म्हणत, "आधी तुम्ही वेळेवर घरी जा, मग आपोआप शांत होतील." सगळी पडवी हसायची. आई मात्र हसत नसे. सुनेने पुरुषांत बसून देवाला हात लावावा, हे तिला पटलेलं नव्हतं. पण अण्णांपुढे तिचं चालत नव्हतं.

वहिनींनी माहेराहून एक झाड आणलं होतं. रोह्याच्या बाजूला जंगलात उन्मळलेल्या आंब्याच्या फांदीवर मिळालेलं, सीतेच्या वेणीचं. ज्याला आता सगळे ऑर्किड म्हणतात त्यातलंच आपल्याकडचं. जाड, पन्हाळीसारखी पानं आणि हवेत लोंबणारी पांढरट मुळं. नारळाचं सोडण भरलेल्या बांबूच्या टोपलीत घालून ते पडवीच्या वाशाला टांगलं होतं. आई त्याला बांडगूळ म्हणायची. "बांडगूळ नाय ते, आई," वहिनी म्हणायच्या, "बांडगूळ दुसऱ्याचं खातं. हे कुनाचं काय खात नाय, नुसतं आधाराला बसतं." त्यावर आई म्हणाली होती, "बसू दे. बसणाऱ्यांची काय कमी हाय का या घरात?"

आता पाण्याचं सांगितलं पाहिजे. आमचं घर खाडीकडच्या अंगाला. घरामागे विहीर होती, पण होळी झाली की तिचं पाणी मचूळ व्हायला लागे आणि चैत्र सरता सरता चक्क खारट. ते भांड्यांना, धुण्याला. प्यायचं पाणी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या आमराईतल्या विहिरीवरून यायचं, तिला आम्ही गोडी विहीर म्हणत असू. सकाळी दादा आणि मी मिळून चार हंडे आणत असू, आणि आईचा नियम असा की त्यातला थेंबही झाडाला जायचा नाही. तुळशीलासुद्धा खारं पाणी चालायचं, ती बिचारी सोसायची. पण वहिनींना झाडांची माहिती असलेल्या रोह्याच्या गार्डमामांनी बजावलं होतं की या झाडाला गोडंच पाणी हवं. वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, संध्याकाळी एक कळशी आणाल माझ्यासाठी? एकच." मी छाती काढून हो म्हणालो. मला त्या आवडत. घरात मला कोणी काही मागत नसे, सांगत असत. मागणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

महिनाभर आणली. मग एका संध्याकाळी कॅरमचा डाव रंगला, अंधार पडत आला, आणि मी घरामागच्या विहिरीतून कळशी भरून पडवीत नेऊन ठेवली. कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे मी रोज तेच करू लागलो. संध्याकाळी कळशी घेऊन निघायचो, ती सलूनच्या मागे ठेवायचो, डाव संपला की मागच्या दाराने येऊन आपल्याच विहिरीवर भरायचो. तोंड असलेल्यांना गोडं आणि बिनतोंडाच्याला खारं, असा माझा हिशेब होता. घाम पुसत कळशी ठेवायला मी विसरत नसे. वहिनी म्हणायच्या, "दमलात ना? थांबा, कोकम देते."

पंधरा-वीस दिवसांत पानांची टोकं काळी पडायला लागली. आधी एकाचं, मग तिघांचं. वहिनींनी जे जे सुचलं ते केलं. पानं उलटी करून कीड शोधली, सापडली नाही, तरी तंबाखूच्या पाण्याने पुसून काढली. दादा म्हणाला, ऊन लागतंय, म्हणून टोपली आतल्या वाशाला नेली. धोंडू म्हणाला, रंगाच्या टर्पेंटाइनची वाफ लागत असेल, म्हणून परत बाहेरच्या वाशाला आणली. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितल्या. त्यातलं मीठ तेवढं झाडाला कमी पडत होतं! तेव्हा मला हे सुचलं नाही. आज सुचतं, आणि हसू येत नाही. झाड सुकतंय असं वाटून वहिनी पाणी वाढवत होत्या. माझ्या कळशीतलं.

आईला हवं ते मिळालं. एका दुपारी सगळे जेवून उठले होते, कारागीर पडवीत लवंडले होते, आणि आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अण्णांना म्हणाली, "जिच्या हाताखाली तिच्या माहेरचं रोपटं जगत नाय, तिनं देवाला डोळे द्यायचे? गिऱ्हाईक वर्षाचं मंगल करायला मूर्ती नेतं. हाताला गुण लागतो. तुम्हीच सांगत आलात ना आजवर?" अण्णा तसं सांगत आले होते, हे खरं. ज्याच्या हाताला गुण नाही त्याला आमच्या कारखान्यात माती देत, आखणी देत नसत. अण्णांनी वाशाला टांगलेल्या टोपलीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "झाडाला काय झालंय ते आधी कळू दे. रोह्याच्या त्या माणसाला दाखवा. रोगबिग असेल तर प्रश्न मिटला, ही ब्रश धरील. तोवर राहू दे." वहिनींनी हातातला ब्रश पाण्यात खळबळून धुतला, फडक्याला पुसला आणि केस वर करून पेल्यात उभा ठेवला. मग अण्णा माझ्याकडे वळले. "वसंता, तू जा. या घरात एवढा एकच आहे, जो वहिनीच्या झाडासाठी रोज गावाच्या टोकाहून पाणी वाहतो." त्यांनी मला शाबासकी दिल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. हा त्यातला एक.

सकाळच्या एस.टी.ने निघालो. वहिनींनी दोन पानं आणि टोपलीतलं थोडं सोडण ओल्या फडक्यात बांधून दिलं होतं. सोबत दादाला कळणार नाही अशी दिलेली पापडांची चवड, गार्डमामांसाठी. "बाबांना भेटा, पण झाडाचं सांगू नका, उगाच काळजी करतील," म्हणाल्या. मग मान तिरकी करून: "भाऊजी, नीट विचारा हं. माझं सगळं त्याच्यावर हाय." नागोठणं, खांब, कोलाड, सगळा रस्ता मी ते फडकं मांडीवर धरून बसलो होतो. कोलाडला गाडी थांबली तेव्हा लोक वडे खायला उतरले. मी उतरलो नाही.

गार्डमामा म्हणजे जंगल खात्यातून निवृत्त झालेले गार्ड, वहिनींच्या माहेरच्या शेजारचे. उघडेबंब, कानावर बिडी, अंगणातल्या आंब्याला दहा-बारा तऱ्हांची असली झाडं बांधलेली. त्यांनी फडकं सोडलं, पान उन्हात धरलं आणि मला शाळेत शिकवल्यासारखं सांगायला लागले. "हे बघ पोरा. ऊन लागलं तर डाग पानाच्या मधी पडतो, ऊन बसतं तिथं, नि आधी पांढरा होतो. पानी जास्त झालं तर बुडाकडनं सडतं, मऊ लागतं, वास येतो. कीड असली तर पालथ्या बाजूला चिकट लागतं. यातलं काय हाय का? नाय. हे टोकाकडनं येतंय, कोरडं. नि ही पिवळी कड बघ. झाड पानी पितं, नि जे नको ते पार टोकाला नेऊन टाकतं. आपन उकिरडा गावाबाहेर नेतो तसं." मग त्यांनी सोडणाचा तुकडा उचलला, त्यावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. थुंकले. "मीठ! खारं पानी घालता व्हय रे? पेनची मानसं देवाला नाक-डोळे देतात, नि एका झाडाला पानी देता येत नाय?" आणि मोठ्याने हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

उपाय त्यांनी सगळा सांगितला. जुनं सोडण फेकायचं, मुळं गोड्या पाण्यात रोज बुडवून धुवायची, काळी टोकं तापवलेल्या ब्लेडने कापून हळद दाबायची, आणि पाणी सकाळीच द्यायचं. "इंदूला सांग, तिचा काय दोष नाय. हात चांगला हाय पोरीचा, हितं असताना मेलेली झाडं उठवायची ती." हे शेवटचं वाक्य त्यांनी मी न विचारता सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी खरं सांगायचं ठरवलं होतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. ठरवून न सांगणारा, न ठरवता न सांगणाऱ्यापेक्षा वाईट. खांबजवळ टायर फुटला, आणि अर्धा तास रस्त्याकडेला उभा राहून मी वाक्य तयार केलं: अण्णा, चूक माझी आहे. घरी पोचलो तेव्हा दिवस होता. अण्णा ओटीवर, आई सुपात वाल निवडत, दादा चौकटीला टेकून, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या. अण्णा म्हणाले, "आलास? दमला असशील. काय म्हणाले ते?" मी वहिनींकडे पाहिलं नाही. त्यांच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. आणि म्हणालो, "त्यांनाही कारण कळत नाय म्हणाले."

आईने सूप खाली ठेवलं.  वहिनी पुढे आल्या, तांब्या माझ्या हातात दिला. पाणी गोड होतं.

त्यानंतर मी जे केलं ते भलं करायला गेलो म्हणून केलं, आणि तेच सगळ्यात वाईट झालं. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की गार्डमामांनी काही दिवस एकाच माणसाने झाड बघायला सांगितलंय, मी बघतो. वहिनींनी टोपली माझ्या हवाली केली. मी सोडण बदललं, टोकं कापली, हळद लावली, सलूनमध्ये जायचं सोडलं आणि भल्या सकाळी खरोखर गोड्या विहिरीवरून कळशी आणू लागलो. मला वाटलं होतं, झाड उठलं की आईचं तोंड बंद होईल आणि वहिनींना ब्रश परत मिळेल. तीन आठवड्यांत मुळांना हिरवी टोकं आली, मधून नवं पान डोकावलं. ते आधी पाहिलं आईने. तिने अण्णांना हाताला धरून पडवीत आणलं. "बघा. हात बदलला, झाड उठलं. आता तरी पटलं का?" अण्णांनी टोपलीखाली उभं राहून ते पान निरखलं. ते दुष्ट नव्हते. पुराव्यावर चालणारा माणूस होता, आणि पुरावा मीच तयार केला होता. त्यांनी पेल्यातला ब्रश काढला आणि माझ्यापुढे धरला. "तुझ्या हाताला गुण आहे, वसंता. आखणीला तू बस."

मी घेतला.

मी तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? चार मुस्कटात, दोन दिवस उपास, गावभर थोडी थट्टा. एवढंच. या वयात मागे पाहताना ती भीती किती लहान दिसते, आणि तिची किंमत भरायला एक आख्खं दुसरं माणूस लागलं. मला आखणीची अण्णांची रीत येत नव्हती. मी वहिनींची उचलली, आतल्या कोपऱ्यापासून, मध्यावर हलकी, शेवटी सोडून दिलेली. पहिल्या दिवशी त्या चहा द्यायला आल्या आणि माझ्या पाठीशी क्षणभर थांबल्या. "मधे जास्त दाबताय, भाऊजी," एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढची चाळीस वर्षं लोक आमच्याकडे डोळ्यांसाठी येत राहिले. शांत डोळ्यांचा गणपती हवा तर वसंताकडे जा, असं पेणमध्ये बोललं जायचं. माझा दोनदा सत्कार झाला, शाल-नारळ मिळाले. दोन्ही वेळा इंदूवहिनी बायकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

त्या कधी कुरकुरल्या नाहीत. पुढे त्यांना मुलगी झाली, शैला. अण्णा गेले, आई गेली, दादा गेला. मी सांगायचं टाळण्याची कारणं एकेक करून मरत गेली, तरी मी सांगितलं नाही. मला वाटायचं, त्या विसरल्या असतील. मग एका वर्षी, त्या सत्तरीच्या पुढे असतील, माझी हीच नात लहान होती, आणि शाळेसाठी केलेला मातीचा छोटा गणपती घेऊन त्यांच्याकडे गेली. मी झोपाळ्यावर होतो. "मोठी आजी, डोळे तू काढ ना." वहिनींनी मूर्ती हातात घेतली, मान तिरकी केली, उजव्या हाताचं बोट नुसतं हवेत त्या पापणीवरून फिरवलं. तीच रेघ. एवढ्या वर्षांनी, न थरथरता. मग मूर्ती तिच्या हातात परत दिली. "आजोबांकडे जा गो बाय. माझ्या हाताला गुण नाय." त्यात रुसवा नव्हता की टोमणा नव्हता. आपल्याला चष्मा आहे हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. त्यांचा त्यावर विश्वास बसला होता. नातीने मूर्ती माझ्यापुढे धरली, आणि मी डोळे काढून दिले.

त्या जाऊन तीन वर्षं झाली. शैला ठाण्याला असते. तिच्या घरी कुंडीत तुळससुद्धा नाही. विचारलं तर म्हणते, "काका, आमच्या आईकडून आलंय ते, आम्हाला झाडं लाभत नाहीत." शैला, हे प्रकरण मी तुझ्यासाठी लिहिलं आहे. तुझ्या आईच्या हाताला गुण होता. गार्डमामांनी तसा निरोप दिला होता, तो मी साठ वर्षं माझ्याजवळ ठेवला. आमच्या कारखान्याचे म्हणून जे डोळे लोक ओळखतात, ते तिचे आहेत. आणि झाड तिच्या हाताने मरत नव्हतं. पाणी खारं होतं, आणि ते मी आणत होतो.

सीतेची वेणी अजून आमच्या गॅलरीत आहे. त्याच झाडाच्या फुटव्याचा फुटवा. आता नळाला गोडं पाणी येतं, कोणाला कुठून काही वाहून आणावं लागत नाही. तरी सकाळी झाडाला पाणी घालण्याआधी मी ओंजळीत घोटभर घेतो आणि चाखून बघतो. सूनबाईंना वाटतं, म्हातारपणाची सवय आहे. पुढच्या आठवड्यात त्यातला एक फुटवा काढून मी ठाण्याला नेणार आहे, आणि शैलाच्या हातात देणार आहे.